फ्रेडीचा ८०वा वाढदिवस: पाचगणी कट्टा, ५ सप्टेंबर २०२६ (किस्से आणि नियोजन)

गॅलिलिओगॅलिलिओ (धागाकर्ता)

मंडळी, ५ सप्टेंबर २०२६ ला 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी ८० वर्षांचा झाला असता. वार शनिवार. आणि ज्या गावात फरोख बुलसाराला (हे त्याचं मूळ नाव) पोरं पहिल्यांदा 'फ्रेडी' म्हणायला लागली, ते गाव पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर आहे. कट्टा या वेळी कुणाच्या गच्चीवर न करता पाचगणीला करू या का?

नव्या सदस्यांसाठी थोडक्यात: जन्म झांजीबार, १९४६. पारशी कुटुंब. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, न्यायालयात रोखपाल. पोरगा आठ वर्षांचा असताना त्याला बोटीत बसवून हिंदुस्थानात धाडला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये वसतिगृहात ठेवला. सुट्टीत मुंबईला मावशी-आजीकडे. १९६३ मध्ये तो झांजीबारला परतला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि सगळं कुटुंब इंग्लंडला गेलं.

येणार असाल तर कुठून येणार ते लिहा, आणि सोबत एक किस्सा टाका. अर्ध्या माइक-स्टँडचा आणि जास्तीच्या चार दातांचा किस्सा बाद. ते आता पोराटोरांनाही पाठ आहेत.

कॅसेटकिडा

पुण्याहून येणार. गाडीत तीन जागा आहेत, मागे बसणाऱ्यानं क्वीनचा 'हॉट स्पेस' अल्बम ऐकायची तयारी ठेवावी.

किस्सा शाळेतलाच घ्या. १९५८ च्या सुमारास तिथल्या पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. सगळ्यांना वाटतं की फ्रेडी त्याचा गायक असणार. नव्हता! गायचा ब्रूस मरे. बुलसारा मागे पियानोवर. क्लिफ रिचर्ड, एल्व्हिस, लिटल रिचर्ड, फॅट्स डोमिनो यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे आणि शेजारच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या पोरी ओरडायच्या.

बाकीच्यांचं पुढे काय झालं ते मला जास्त आवडतं. ड्रमवरचा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही. चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेला बेस वाजवायचा फरंग इराणी. तेच फरंग इराणी पुढे पुण्यात बाऊंटी सिझलर्स चालवायचे. म्हणजे कँपात सिझलर खाल्लेले कितीतरी पुणेकर फ्रेडीच्या पहिल्या बेसिस्टच्या हातचं खाऊन आलेत आणि त्यांना पत्ता नाही. गिटारवाला डेरिक ब्रांच इंग्लंडला जाऊन नट झाला. तिकडच्या टीव्हीवर इस्पितळातली एक विनोदी मालिका होती, 'ओन्ली व्हेन आय लाफ'. त्यात तो भारतीय नर्स झाला होता. पात्राचं नाव काय असेल? गुप्ते.

स्वारगेट

गुप्ते!! _/\_

वाचनखूण साठवली. मी एसटीनं येणार. स्वारगेटहून महाबळेश्वरची कुठलीही गाडी पाचगणीला थांबतेच.

मिसेसपर्वते

उत्साहावर पाणी ओतत नाही, पण कॅलेंडर बघा जरा. ४ सप्टेंबरला गोकुळाष्टमी आहे, म्हणजे ५ ला दहीहंडी. ठाणे-मुंबईकरांनी शनिवारी सकाळी घराबाहेर पडायचं म्हटलं तर निम्मा दिवस ट्रकभर गोविंदांच्या मागे जाईल. एक तर शुक्रवारी रात्रीच निघा, नाहीतर पहाटे चारला. गणपती १४ तारखेला, त्यामुळे त्याची आडकाठी नाही. मात्र श्रावण अजून चालू असणार. जेवण शाकाहारी ठेवा, म्हणजे अर्धे लोक नाक मुरडणार नाहीत.

धनसाकप्रेमी

श्रावण पाळणाऱ्यांनी खुशाल पाळावा. ज्याचा वाढदिवस आहे तो पाळत नव्हता, एवढीच नोंद करतो. 🙂

दादरहून येईन.

मिसेसपर्वते

धनसाकप्रेमी, तुमच्यासाठी पातेलं वेगळं. डाव वेगळा. बसायची जागासुद्धा वेगळी.

खवचटखान

विचारतोच. हा माणूस 'आपला' कसा काय? नाव बदललं, मुलाखतींत भारताबद्दल फारसं बोलणं नाही, भारतात एक कार्यक्रम केला नाही. आपण मात्र दर वर्षी 'पाचगणीचा फ्रेडी' करत नाचतो. त्याला पाचगणी आठवत तरी होती का?

गॅलिलिओगॅलिलिओ

आला. धाग्याचा काश्मीर होणार, म्हणजे वाद पेटणार.

धनसाकप्रेमी

होऊ दे, बोलायला हवंच आहे.

खानसाहेब, नाव बदललं हे खरं. बुलसारा म्हणजे बुलसारचे, आजच्या वलसाडचे. सत्तरच्या सुमारास ते आडनाव जाऊन मर्क्युरी आलं. पण १९६४ नंतरचं इंग्लंड डोळ्यांसमोर आणा. तपकिरी कातडीचा, दात पुढे आलेला, आफ्रिकेतून आलेला पोरगा, आणि त्याला रॉकस्टार व्हायचं होतं. तिथे आपलं मूळ दर मुलाखतीत उगाळत बसला असता तर वर्तमानपत्रांनी त्याला त्यापलीकडे बघितलंच नसतं. त्यानं लपवलं असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, त्यानं ते घरापुरतं ठेवलं. घरी आई-वडील शेवटपर्यंत पारशी रीतीनं राहिले, पोराची नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झांजीबारला झाली होती, आणि १९९१ मध्ये तो गेला तेव्हा लंडनच्या स्मशानभूमीत प्रार्थना आमच्या पारशी मोबेदांनी, म्हणजे धर्मगुरूंनी म्हटल्या. बाहेर चाहते रडत होते आणि आत अवेस्तातले मंत्र चालले होते. ज्याला काहीच आठवत नव्हतं त्याच्या अंत्यविधीत हे होत नाही.

आणि 'आपला' म्हणजे कोणाचा? झांजीबारवाले म्हणतात आमचा, लंडनवाले आमचा, स्वित्झर्लंडमधले माँत्रोवाले आमचा. पाचगणीनं तर त्याच्यावर अजून हक्क नीट सांगितलेलाच नाही.

खवचटखान

मुद्दा मान्य नाही, पण लिहिलंय छान. येतोय मी. सातारा.

झांजीबारचीलवंग

धनसाकप्रेमींना जोडून. काही वर्षं दारेसलामला होते, तिथून बोटीनं स्टोन टाउनला, झांजीबारच्या जुन्या शहरात, जाणं व्हायचं. झांजीबारवाल्यांचा 'आमचा' इतका सोपा नाही. २००६ मध्ये त्याच्या साठाव्या वाढदिवसाला तिथे समुद्रकिनारी मोठी पार्टी ठरली होती. एका कट्टर धार्मिक संघटनेनं विरोध केला, कारण तुम्हाला कळलंच असेल, आणि पार्टी रद्द झाली. नंतर वारं बदललं, पर्यटक यायला लागले, २०१९ मध्ये स्टोन टाउनमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालयसुद्धा उघडलं. त्याचं समलिंगी असणं, त्याचा एड्स हे सगळं आपल्याकडेही चहाच्या टपरीवर हळू आवाजातच बोललं जातं. आपल्या कट्ट्यात तरी ते कुजबुजत बोलायचं नाही, एवढी माझी अट.

मी येणार. नाशिक.

गॅलिलिओगॅलिलिओ

अट मान्य. ज्याला यावर विनोद सुचणार असतील त्यानं घरीच थांबावं.

कृष्णाकाठ

मी वाईचा. जागेचं मी बघतो. पाचगणीत मावशीचा जुना बंगला आहे, बाजारापासून चालत पंधरा मिनिटं. दिवाणखान्यात तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीनं बसतात. भाडं नाही, पण मावशीला आवाज चालत नाही. रात्री नऊनंतर बंद म्हणजे बंद.

शाळेबद्दल आधीच सांगून ठेवतो. ती चालू निवासी शाळा आहे. आत पोरं राहतात. ५ सप्टेंबर म्हणजे शिक्षकदिन, त्यांचा स्वतःचा कार्यक्रम असणार. फाटकाशी जाऊन 'आम्ही फ्रेडीचे चाहते' म्हणून गर्दी करायची नाही. हवं तर रीतसर परवानगीचं पत्र आधी पाठवू. होकार आला तर चार माणसं जाऊन येतील, नाही आला तर रस्त्यावरून बघायचं. आणि भिंतीवर काहीही लिहायचं नाही.

रेडस्पेशल

भिंतीवरून आठवलं. लंडनमधल्या त्याच्या घराचं, गार्डन लॉजचं, हिरवं दार माहितीये ना? चाहत्यांनी वर्षानुवर्षं त्यावर निरोप लिहून ठेवले होते. २०२३ मध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा ते दार चार लाख पौंडांच्या वर गेलं. म्हणजे चाहत्यांच्या गिचमिडीची किंमत! पियानोला सतरा लाख पौंडांहून जास्त मिळाले. यामाहाचा बेबी ग्रँड, त्याच्यावरच त्यानं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' बांधलं. त्याच लिलावात त्या गाण्याच्या हातानं लिहिलेल्या कच्च्या खर्ड्यात खोडलेलं शीर्षक दिसलं: 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी'.

कृष्णाकाठ यांचं मात्र बरोबर आहे. शाळेची भिंत लिलावात निघणार नाहीये, तिच्यावर लिहू नका.

हाउन्स्लोकर

मी येऊ शकत नाही, पण हजेरी लावतो. मी राहतो तिथून लंडनचं फेल्टम अगदी जवळ. ग्लॅडस्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या ज्या साध्या घरात बुलसारा कुटुंब आल्यावर राहिलं, तिथे २०१६ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. डोक्यावरून सतत विमानं. याच हीथ्रोवर पोरगा सुट्टीत हमाली करायचा. ईलिंगला कलाशाळेत गेला, चित्रकला शिकला, आणि क्वीनचं ते राजचिन्ह त्यानंच काढलं. दोन सिंह बँडमधल्या जॉन डीकन आणि रॉजर टेलरचे, खेकडा ब्रायन मे यांचा, दोन पऱ्या त्याच्या स्वतःच्या. सगळ्या राशी. सिंह, कर्क, कन्या. केन्झिंग्टन मार्केटात रॉजर टेलरबरोबर जुने कपडेही विकले त्यानं.

त्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावा. आमच्याकडे दुपार असेल.

स्वारगेट

कन्या रास! उगाच नाही एका गाण्याच्या आवाजांसाठी तीन आठवडे घासत बसला.

बेसुरीबाई

तेच तर! माझा प्रस्ताव असा की आपण सगळ्यांनी मिळून 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गायचं. कराओके नाही, खरंखुरं.

हसू नका. मी त्याची फोड केली आहे. गाणं बी फ्लॅटमध्ये, म्हणजे आपली काळी पाच. ऑपेराचा भाग सुरू होतो तो पांढरी सहावर. हार्मोनियमवर वाजतं, मी वाजवून बघितलंय. मूळ ध्वनिमुद्रणात तिघंच गायलेत: वरचे सूर रॉजर टेलर, मधले फ्रेडी, खालचे ब्रायन मे. रोज दहा-बारा तास गायचे, आवाजावर आवाज चढवत. १८० च्या आसपास थर झाले असं सांगतात. चोवीस ट्रॅकची फीत इतक्या वेळा फिरली की उजेडात धरली तर आरपार दिसायला लागली. आता आपण तीस जण आहोत. तिघांनी साठ-साठ वेळा गायलं ते आपण एकदाच गाऊ. गणित जमतंय.

वरचे सूर कोण घेणार?

खवचटखान

मावशी नऊ वाजता घेतील.

कॅसेटकिडा

😂😂 खान, येताना सोबत बसू.

बेसुरीबाई, मी खालच्यात. पण गाण्यातलं ते 'बिस्मिल्ला' सगळ्यांनी मिळून. आणि त्याआधी 'मुस्तफा' लावायचंच. १९७८ च्या 'जॅझ'मधलं पहिलं गाणं. झांजीबारच्या गल्ल्यांत कानावर पडलेलं सगळं त्यात आहे असं मला वाटतं. इंग्लिश चाहते ते गमतीचं गाणं समजतात. आपल्याला ते तितकं परकं वाटत नाही.

रेडस्पेशल

लताबाईंचा प्रभाव, लताबाईंचा प्रभाव असं दर वर्षी कुणीतरी टाकतं, या वर्षी मीच आधी अडवतो. लहानपणी हिंदी गाणी कानावर पडलीच असणार, पाचगणी-मुंबईत कुणाच्या पडत नव्हती? पण त्यानं स्वतः ज्यांची नावं आदरानं घेतली ती हेंड्रिक्स, अरेथा फ्रँकलिन, लायझा मिनेली. 'समबडी टू लव्ह' अरेथाला दिलेली सलामीच आहे. ते ऐकताना लताबाई शोधू नका, चर्चमधला कॉयर, म्हणजे गायकवृंद, शोधा. आणि तो पाचगणीतच सापडेल, कारण पोरगा शाळेच्या कॉयरमध्ये गायचा. मुख्याध्यापकांनी घरी पत्र पाठवून सुचवलं की याला पियानो शिकवा, आई-वडिलांनी जादा फी भरली, आणि पोरगा चौथ्या परीक्षेपर्यंत गेला. पाचगणीनं त्याला काय दिलं या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच: एक कॉयर, एक पियानो आणि घरापासून समुद्रापलीकडे एकटं राहायची सवय.

खवचटखान

हे पटलं.

महाडचापाऊस

मी महाडहून. पोलादपूर-आंबेनळीनं महाबळेश्वर, तिथून पाचगणी. फक्त सप्टेंबर म्हणजे आंबेनळीत दरड कधी येईल सांगता येत नाही. रस्ता बंद असला तर मला ताम्हिणीवरून पुण्याला जाऊन उलटं यावं लागेल, म्हणजे संध्याकाळ. तेव्हा गाणं दुपारी नको, सहानंतर ठेवा.

कृष्णाकाठ

पुणे-मुंबईकरांनी सातारा रस्त्यानं खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला आत वळायचं. तिथून वाई, मग पसरणी घाट. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, तेव्हा जाताना गाडीतली इंग्लिश गाणी दोन मिनिटं थांबवलीत तर आम्हा वाईकरांना बरं वाटेल. घाटात धुकं असतं, दिवे लावून आणि दमानं. टेबल लँडला जायचं असेल तर दुपारी बाराच्या आत. नंतर ढग बसले की समोरचा घोडासुद्धा दिसत नाही. जांभा ओला असतो, गुळगुळीत चपला नकोत. स्ट्रॉबेरी मागू नका, सप्टेंबरात ती नसते, जे मिळेल ते बाटलीतलं सरबत.

नवीनसदस्य_निमा

पहिलाच प्रतिसाद. मी त्याच्यावरचा २०१८ चा सिनेमा बघून चाहती झाले, वयानं बरीच लहान आहे. चालेल ना? सिनेमा दाखवणार आहात का?

रेडस्पेशल

चालेल काय, धावेल. सिनेमा नको. लाइव्ह एडच्या, म्हणजे १९८५ च्या मदतनिधी मैफलीच्या आधी बँड फुटला होता असं त्यात दाखवलंय. प्रत्यक्षात मे १९८५ पर्यंत ते जपानमध्ये दौऱ्यावर होते आणि १३ जुलैला वेम्बलीच्या मंचावर. त्याऐवजी खरी चित्रफीत दाखवू. एकवीस मिनिटांचा प्रकार. गुळगुळीत सरावलेला बँड कसा असतो ते त्यात दिसतं.

झांजीबारचीलवंग

निमा, तुझ्यासाठी एक. १९९१ मध्ये, म्हणजे तो गेला त्याच वर्षी, एक लघुग्रह सापडला होता. क्रमांक १७४७३. २०१६ मध्ये त्याला फ्रेडीचं नाव दिलं. घोषणा केली ब्रायन मे यांनी, जे स्वतः खगोलशास्त्रातले पीएचडी आहेत. प्रबंध सत्तरच्या दशकात अर्धवट सोडून बँडमागे गेले आणि २००७ मध्ये पूर्ण केला.

मिसेसपर्वते

माझ्या मुलाला हे ऐकवलं. तो म्हणाला, "बघ, मीपण नंतर पूर्ण करीन." धन्यवाद हो, फार उपकार झाले.

कॅसेटकिडा

आता गंभीर विषय. 'हॉट स्पेस'.

रेडस्पेशल

नाही.

कॅसेटकिडा

'अंडर प्रेशर' त्याच अल्बमवर आहे! बोवीबरोबर माँत्रोच्या स्टुडिओत १९८१ साली...

रेडस्पेशल

एक गाणं. ते लावू. बाकीच्या बाजूचा विषय तुमच्या गाडीत, खंबाटकीच्या बोगद्यात.

धनसाकप्रेमी

पैशांचं बोलू. जेवण आणि चहा यांचा खर्च वाटून घेऊ, आणि उरतील ते मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला. तो गेल्यावर बँडमधल्या साथीदारांनी आणि व्यवस्थापक जिम बीच यांनी १९९२ मध्ये काढलेली संस्था, एचआयव्ही-एड्ससाठी काम करते. खोट्या मिश्या लावून यायची प्रथाही त्यांच्याच 'फ्रेडी फॉर अ डे'ची. मिश्या मी आणतो, दादरला घाऊक मिळतात.

झांजीबारचीलवंग

पैशांना +१. अर्धे तिकडे आणि अर्धे सातारा जिल्ह्यात याच कामाला, असं केलं तर? रक्कम छोटीच असणार, पण इथे लवकर पोचेल.

गॅलिलिओगॅलिलिओ

ठीक. अर्धे-अर्धे. जिल्ह्यातलं कुणाला द्यायचं ते खवचटखान शोधतील, साताऱ्याचेच आहेत.

तर आतापर्यंतचं ठरलेलं: पुण्याच्या गाड्या सकाळी सातला निघतील, सुरूर फाट्यावर चहा. मुंबईकर शुक्रवारी रात्री. अकराला टेबल लँड, पाऊस कोसळत असेल तर थेट बंगला. जेवण दीड वाजता, मिसेसपर्वते यांचं राज्य. दुपारी एकेकानं एक गाणं लावून त्यावर बोलायचं, दहा मिनिटांच्या वर गेलात तर मिशी काढून घेऊ. साडेपाचला हाउन्स्लोकर पडद्यावर. महाडचापाऊस पोचले की सहाला गाणं, मग लाइव्ह एड. नऊला मावशी.

शाळेच्या पत्राचा मजकूर कृष्णाकाठना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. इंग्लिश जरा तपासा कुणीतरी, 'विनम्र' फार झालंय.

बेसुरीबाई

वरच्या सुरांना अजून कुणी नाही. शेवटी तो टेलरचा 'फॉर मी' इतका वर जातो की मी तिथे हार्मोनियमच वाजवणार आहे. काळी पाच, तार सप्तक. खरंच कुणी नाही का?

नवीनसदस्य_निमा

मी घेईन. घरी करून बघितलं, शेजाऱ्यांनी बेल वाजवली.

बेसुरीबाई

सूर पोचला मग. ठरलं. येत्या रविवारी पुण्यात सराव, माझ्या घरी, पत्ता व्यनितून देते. खालचे सूर गाणाऱ्यांनी कॅसेटकिडाच्या भरवशावर राहू नये.

महाडचापाऊस

वीज गेली तर? पाचगणीत सप्टेंबरात जातेच.

कृष्णाकाठ

इन्व्हर्टर आहे, पण पडदा आणि स्पीकर दोन्ही ओढणार नाही. बॅटरीचा स्पीकर आणि टॉर्च कुणीतरी आणा. हार्मोनियमला वीज लागत नाही.

स्वारगेट

स्पीकर माझ्याकडे आहे, एसटीतून मांडीवर घेऊन येईन. परत जाताना कुणाच्या तरी गाडीत जागा द्या म्हणजे झालं.